अध्यादेश काढा म्हणायच्या आधी

२७ जानेवारी २०२४ ची सकाळ मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. वाशीला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदेंच्या हातून मराठा आरक्षणाच्या आंदोलनातल्या मनोज जरांगे पाटलांनी ज्यूस घेतला, त्यांच्या हातात कागद पडला आणि टीव्हीवर पट्टी सुरू झाली, अध्यादेश निघाला. जालना, बीड, परभणी, हिंगोली, जिकडं बघावं तिकडं गुलाल. आता तो कागद नेमका काय होता? अध्यादेश तर नव्हताच, जीआर पण नव्हता. ती होती अधिसूचना, आणि ती सुद्धा मसुद्याची, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या २०१२ च्या नियमांमध्ये 'सगेसोयरे' (म्हणजे कुणबी नोंद सापडलेल्याचे नातेवाईक) ची व्याख्या घालायचा सरकारचा विचार आहे, कोणाची हरकत असेल तर १६ फेब्रुवारीपर्यंत कळवा, असा तो कागद. विचार आहे. एवढंच.

मला इथं आरक्षणावर वाद घालायचा नाही, कोणाला मिळावं कोणाला नाही यावर प्रत्येकाचं मत ठरलेलं आहे आणि माझ्या लेखानं ते बदलायचं नाही. माझं म्हणणं दुसरंच आहे. आपल्याकडं जीआर, अधिसूचना, अध्यादेश, ठराव, विधेयक, कायदा हे सगळं एकाच पोत्यात भरलेलं आहे आणि त्या पोत्यावर 'अध्यादेश' असं लिहून ठेवलंय. चॅनलवाले तेच म्हणतात, पुढारी तेच म्हणतात, मग आपण पण म्हणायलो. लोकांना काय फरक पडतो म्हणता? लई पडतो. आंदोलन मिटवायला आलेल्या माणसाच्या तर हा घोळ चांगलाच सोयीचा असतो, कारण हलका कागद जड शब्दात गुंडाळून देता येतो आणि घेणारा पण खुशीत घरी जातो, सहा महिन्यांनी कळतं तेव्हा गर्दी पांगलेली असते.

जीआर म्हणजे शासन निर्णय. मंत्रालयातला एखादा विभाग काढतो, खाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं लिहिलेलं असतं, पण सही उपसचिवाची नाहीतर कक्ष अधिकाऱ्याची, ती पण आता डिजिटल. तो सभागृहात मतदानाला जात नाही. आणि जसा एका दिवसात निघतो तसा एका दिवसात बदलतो, शुद्धिपत्रक येतं, नाहीतर नवा जीआर येऊन जुना 'अधिक्रमित' करतो, म्हणजे त्याची जागा घेतो. अधिसूचनेचं थोडं वेगळं आहे, एखाद्या कायद्यानं सरकारला नियम करायचा अधिकार दिलेला असतो, त्या अधिकारात नियम करून राजपत्रात छापतात. आता अध्यादेश. हा खरा वजनदार. घटनेचं कलम २१३, अधिवेशन चालू नसताना आणि ताबडतोब काही करणं भागच आहे असं असताना राज्यपाल तो काढतात, अर्थात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच. त्याची ताकद कायद्याएवढीच, त्यानं नवीन गुन्हा ठरवता येतो, कर लावता येतो, आधीचा कायदा बदलता येतो. पण आयुष्य छोटं. अधिवेशन भरलं की तो सभागृहापुढं ठेवावाच लागतो आणि भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही तर आपोआप संपतो, कोणी रद्द करायची पण गरज नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही, म्हणजे ओढून ताणून साडेसात महिने.

जमिनीच्या भाषेत सांगायचं तर अध्यादेश म्हणजे इसारपावती. मुदतीत खरेदीखत केलं तर रान तुमचं, नाही केलं तर पावती घेऊन हिंडा. आणि आपण नेमकं इसारपावतीवरच पेढे वाटायलो.

हे उगीच बोलत नाही, २०१४ चं उदाहरण बघा. जुलै २०१४ मध्ये पृथ्वीराज चव्हाणांच्या सरकारनं अध्यादेश काढून मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांमधल्या काही मागास घटकांना ५ टक्के आरक्षण दिलं, विधानसभा निवडणूक तोंडावर होती. नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांच्या नोकरीतल्या आरक्षणाला पण दिली, मात्र शिक्षणातले ५ टक्के चालू ठेवले. तोवर सरकार बदललेलं. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन झालं, मराठा आरक्षणाचं विधेयक आलं आणि मंजूर झालं (ते पुढं कोर्टात अडकलं ती गोष्ट वेगळी), मुस्लिम आरक्षणाचं विधेयक आलंच नाही. झालं, अध्यादेश मेला. कोर्टानं जेवढं शाबूत ठेवलं होतं तेवढं पण गेलं. तो मारायला सभागृहात कोणाला हात वर करावा लागला नाही. नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीडच्या मोहल्ल्यांमधून त्या पाच टक्क्यांवर आजही बोलणं निघतं आणि निम्म्यांना वाटतं ते कोर्टानं घालवलं. कोर्टानं नाही घालवलं बाबांनो, सरकारनं नुसतं गप बसून घालवलं. अध्यादेशात ही सोय असते, की काही न करता सुद्धा तो मारता येतो.

आणि २०१४ च्या मराठा आरक्षणातून सरकारी भरतीत निवड झालेली पोरं, त्यांचं काय झालं? स्थगितीत अडकली, वयं निघून गेली, शेवटी २०२२ ला अधिसंख्य (म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा) पदं तयार करून काहींना नेमणुका द्याव्या लागल्या. आठ वर्षं.

ठरावाची गोष्ट तर मराठवाड्याला दुसऱ्यानं सांगायची गरजच नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. दोन्ही सभागृहांनी! आणि नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, मधे घरं जळाली, माणसं मेली, लाँग मार्च निघाला. ठराव म्हणजे सभागृहानं व्यक्त केलेली इच्छा, त्यानं विद्यापीठाच्या कायद्यातलं एक अक्षर बदलत नाही, ते बदलायला वेगळं पाऊल उचलावं लागतं आणि ते कोणी उचललं नाही सोळा वर्षं. याला निव्वळ कायद्यातली बारीक खोच कारण होती असं मी म्हणत नाही, कारण जात होती आणि मतं होती, पण ठराव झाल्यावर 'झालं की आता' असं म्हणून हात झटकायला राज्यकर्त्यांना जागा मिळाली ती याच खोचेतून.

आता माझा मुख्य मुद्दा, जो बऱ्याच जणांना आवडणार नाही. आपल्याकडं मोर्चात पहिली घोषणा काय असते, 'अध्यादेश काढा'. मला ही मागणीच चुकीची वाटते. मराठवाड्याचे ४६ आमदार विधानसभेत आहेत, सगळ्या पक्षांचे, आपण मतं देऊन पाठवलेले. अध्यादेश काढा म्हणजे या ४६ जणांना न विचारता, त्यांना तोंड उघडायची वेळ न येऊ देता, मंत्रिमंडळानं बंद खोलीत कायदा करा असं आपण स्वतःच म्हणायलो. आमदाराला तर बरंच आहे की, ना भाषण करायला लागतं, ना बाजूनं हात वर करायला लागतो ना विरोधात, गावात आला की 'मी पाठपुरावा केला' म्हणायला मोकळा. विधेयक आणलं की त्याला सभागृहात बसावं लागतं, बोलला का नाही ते कामकाजात छापून येतं. म्हणून मागायचंच असलं तर विधेयक मागावं, तारीख धरून मागावं, या अधिवेशनात मांडा, आणि आमच्या आमदारानं त्यावर बोलावं.

अध्यादेश हा मुळात आपत्तीसाठी आहे. एप्रिल २०२० ला कोरोनात डॉक्टर-नर्सवर हल्ले व्हायला लागले तेव्हा केंद्रानं साथरोग कायद्यात अध्यादेशानं बदल केला, संसद बंद होती, थांबता येत नव्हतं, ठीक आहे. पण त्याच वर्षी ५ जूनला शेतीचे तीन अध्यादेश निघाले, त्यांना कुठली आग लागली होती? सप्टेंबरात राज्यसभेत गोंधळात आवाजी मतदानानं विधेयकं पास, वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसून, नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागं. ते कायदे चांगले होते का वाईट यावर आमच्याकडं कापूस-सोयाबीनवाल्यांमध्ये दोन मतं आहेत, शेतकरी संघटनेचा जुना माणूस तुम्हाला वेगळंच सांगेल. पण ज्याच्यासाठी कायदा करायचा त्याला आधी विचारलं नाही यावर दोन मतं नाहीत. त्याच्या आधी २०१४-१५ ला भूसंपादनाचा अध्यादेश तीनदा काढला आणि शेवटी ऑगस्ट २०१५ ला संपू दिला.

अन् हा रोग एका पक्षाचा नाही. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डी. सी. वाधवा नावाच्या प्राध्यापकांनी बिहारचे अध्यादेश मोजले. १९६७ ते १९८१ मध्ये २५६ अध्यादेश, त्यातले काही चौदा चौदा वर्षं जिवंत ठेवलेले, अधिवेशन संपलं की तोच परत काढायचा, परत संपला परत काढायचा, विधानसभेत न्यायचाच नाही. वाधवा सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टानं निकाल दिला की ही घटनेची फसवणूक आहे. २०१७ ला सात न्यायाधीशांच्या पीठानं परत सांगितलं, अध्यादेश सभागृहापुढं ठेवणं बंधनकारक आहे, ती काही मर्जीची गोष्ट नाही.

गावातलं उदाहरण पाहिजे असेल तर सरपंच घ्या. २०१७ ला फडणवीस सरकारनं थेट जनतेतून सरपंच आणला, अध्यादेशानं. २०२० ला महाविकास आघाडीला तो काढायचा होता, त्यांनी पण अध्यादेशच पाठवला, राज्यपाल कोश्यारींनी सही केली नाही, सभागृहात आणा म्हणाले, मग विधेयक आणून केलं. राज्यपालांच्या हेतूबद्दल तेव्हा बरंच बोललं गेलं, मला पण शंका होतीच, पण सल्ला चूक होता का? अधिवेशन तर तोंडावर होतं. आणि २०२२ ला सरकार फिरलं तसा थेट सरपंच परत आला. पाच वर्षांत गावाच्या कारभाराचा मूळ नियम तीनदा उलटापालटा, आणि ज्याला सरपंच व्हायचं त्याला कळेना घरोघर मतं मागायची का सदस्य फोडायचे.

२०२१ ला स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी असाच अध्यादेश. सुप्रीम कोर्टानं आधीच सांगितलेलं, आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा, मग द्या. त्यात वेळ जातो, मग काढला अध्यादेश, आणि ६ डिसेंबर २०२१ ला कोर्टानं स्थगिती दिली. पुढं त्यात प्रभाग रचनेचा गोंधळ आला, जिल्हा परिषदांच्या मुदती मार्च २०२२ ला संपल्या आणि वर्षानुवर्षं प्रशासक बसले. रस्त्यावरचा खड्डा कोणाला दाखवायचा हे गावातल्या माणसाला कळत नव्हतं, साहेब भेटत नाहीत आणि सदस्य कोणी नाही.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो, आपल्या मराठवाड्याच्या मातीत मुरलेली. १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायची, पाझर तलाव, नालाबांध, दुपारी सुकडी. त्या वेळी रोजगार हमी ही योजना होती, सरकारी आदेशावर चालणारी, वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती त्यामागं लागलेले. ती तशीच राहिली असती तर दुष्काळ सरल्यावर कधीतरी गुंडाळली गेली असती, पैसे नाहीत म्हणून. पण १९७७ ला तिचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, खर्चासाठी व्यवसाय कराची सोय आधीच लावून दिलेली. आणि फरक काय पडला? योजनेत मजूर काम मागतो तेव्हा तो विनंती करत असतो, कायद्यात तो हक्क सांगत असतो, पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागेल असं कायद्यात लिहिलेलं. प्रत्यक्षात भत्ता किती जणांच्या हाती पडला हा प्रश्न विचारू नका, तोंड कडू होईल. पण तहसीलवर मोर्चा नेताना हातात काहीतरी होतं.

आता लाडकी बहीण ठेवा त्याच्या शेजारी. २८ जून २०२४ चा जीआर. महिन्याला १५०० रुपये. वयाची अट आधी ६० पर्यंत, काही दिवसांत ६५, पाच एकर जमिनीची अट आधी होती मग काढली, निवडणूक झाली आणि पडताळणी सुरू, मग ई-केवायसी. सगळं जीआरवर जीआर. एका पैशाचा कायदेशीर हक्क त्या बाईला नाही, उद्या बंद करायची ठरवली तर सभागृहात मतदान लागत नाही, अटी एवढ्या घट्ट करायच्या की निम्म्या गळाल्या पाहिजेत, ते पण एका कक्ष अधिकाऱ्याच्या सहीनं होतं. ज्या पक्षांनी एकमेकांवर चढ करत २१०० देतो, ३००० देतो म्हणून आश्वासनं दिली, त्यातल्या कोणी कायदा करतो म्हणून आवाज चढवल्याचं मला तरी ऐकू आलं नाही. कामून? कायदा केला की हात बांधले जातात. कर्जमाफीचं तेच, २०१७ ला दीड लाखापर्यंतची, जीआर २८ जूनचाच (तारीख पण तीच, योगायोग), मग दुरुस्त्या, मग याद्या, मग हिरवी यादी पिवळी यादी, आणि बँकेत गेलं तर साहेब म्हणतो नवीन जीआर आलाय बघा.

समोरून दोन आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत, आणि दोन्हीत दम आहे.

पहिला, कायदा करून तरी काय मिळालं? २०१८ ला मराठा आरक्षणाचा रीतसर कायदा केला, आयोगाचा अहवाल घेऊन, दोन्ही सभागृहांत एकमतानं. हायकोर्टानं २०१९ ला टिकवला, टक्का कमी करून, आणि ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केला. मग २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाचं खास अधिवेशन, १० टक्क्यांचं विधेयक, पुन्हा एकमतानं, चर्चा जवळजवळ नाहीच. म्हणजे विधेयक आणलं म्हणून वाद होतोच असं नाही, सगळ्यांना एकाच मतदाराची भीती असली की सभागृह पण नुसता शिक्का होतं. हे खरंय. आणि सभागृहानं मंजूर केलेलं प्रत्येक विधेयक कायदा होतं असं पण नाही, शक्ती विधेयक आठवा, डिसेंबर २०२१ ला दोन्ही सभागृहांत मंजूर, तेव्हापासून सगळे त्याला 'शक्ती कायदा' म्हणायले, राष्ट्रपतींची मंजुरी काही आली नाही, म्हणजे तो कायदा कधी झालाच नाही. तरी मी म्हणेन, २०१८ चा कायदा पडला तेव्हा तो कशामुळं पडला हे निकालात लिहिलेलं आहे, ५० टक्क्यांची मर्यादा, आयोगाच्या आकडेवारीतले दोष, सगळं. पुढचा रस्ता कुठून जातो ते वाचून कळतं. २०१४ चा ५ टक्क्यांचा अध्यादेश संपला त्याचं असं कुठलंच पान नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. मराठवाड्यातला सगळ्यात मोठा जमीन कायदा, हैदराबाद कूळ वहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० चा, ज्याच्यावर आजही आमच्या तहसीलमध्ये केस चालतात, तो झाला तेव्हा हैदराबाद राज्यात निवडून आलेली विधानसभाच नव्हती. पहिली निवडणूक १९५२ ची. म्हणजे चर्चा नाही, मतदान नाही, तरी कुळाच्या बाजूचा कायदा झाला. आमदारांच्या हातात दिला असता तर देशमुख-पाटलांनी त्याचं काय केलं असतं कोण जाणे. हे मला मान्य करावं लागतं. पण निजामाचं फर्मान जाऊन दोन वर्षं पण झाली नव्हती, ती वेळ निराळी होती, आणि एकदा वरून चांगलं पडलं म्हणून आपण कायम तोंड वर करून बसायचं का, हा प्रश्न राहतोच. मला कधीकधी वाटतं 'अध्यादेश काढा' या घोषणेत अजून थोडं फर्मान शिल्लक आहे.

परत येतो आत्ताच्या कागदावर. २ सप्टेंबर २०२५, आझाद मैदानावरचं उपोषण, हैदराबाद गॅझेटियरमधल्या (निजामकाळच्या) नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचा जीआर. यावेळी निदान सगळे त्याला जीआरच म्हणाले, वाशीतून एवढं तरी शिकलो म्हणायचं. मराठा बाजू म्हणते सगळं मिळालं, ओबीसी बाजू म्हणते आमचं सगळं गेलं, आणि प्रकरण हायकोर्टात गेलेलं. जीआर वाचला तर त्यात गावपातळीवरची समिती आहे, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, सहायक कृषी अधिकारी, त्यांनी चौकशी करायची आणि सक्षम प्राधिकाऱ्याला मदत करायची. मदत. दाखला द्यायचा अधिकार २००० सालच्या कायद्यात आणि २०१२ च्या नियमांत आहे तसाच आहे, आणि दाखला निघाला तरी जात पडताळणी समितीपुढं त्याच कायद्यानं जायचं आहे, जीआर त्या कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळं सध्या उपविभागीय कार्यालयातून दाखला घेऊन खुशीत बाहेर पडणाऱ्या पोराला आणि त्याच्या बापाला मी एवढंच सांगत असतो की व्हॅलिडिटीचा (म्हणजे जात पडताळणीचा) अर्ज आजच टाका, पणजोबाच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, खासरा पाहणी (जमिनीची जुनी नोंद), काय असेल ते जोडा, इंजिनीअरिंगच्या प्रवेशाची यादी लागेपर्यंत थांबू नका.